जुमानाचं ‘नको’

पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसमध्ये पाहुण्याच्या पहिल्या ‘नको’ला कुणी विचारत नाही. नको म्हणायचंच असतं. लगेच हो म्हणेल तो हावरा. मग यजमानाने गळ्याची शपथ घालायची, पाहुण्याने आणखी जरा आढेवेढे घ्यायचे आणि ताट भरायचं. अशा गावात विदाद नर्सने पोरांची वजनं उतरवायचा दवाखाना चालवायचा, म्हणजे हलवायाच्या दारात उपासाचं प्रवचन!

पण बाई खमकी. गुबगुबीत पोरांकडून ती घोकून घ्यायची, “नको म्हटलं की नकोच. आजीने छाती बडवली तरी हलायचं नाही.” पोरं खरंच उतरायची. मग त्यांच्या आया आभार मानायला कुनाफ्याची परात घेऊन हजर! गोडाची परात परत कशी पाठवणार? बाहेर बसलेली बाकीची पोरं तिथेच तिचा फडशा पाडायची. एक तुकडा विदादही घ्यायची, माणुसकी म्हणून.

तिच्या धाकट्या बहिणीची, सुहैलाची, जुमाना चौदा वर्षांची. जेवणावळीत ही पोर खाली मान घालून ‘नको’ म्हणायची, आग्रहाने वाढलेलं भावंडांना वाटून टाकायची. बायका कौतुकाने कानशिलावर बोटं मोडायच्या, “काय वळण आहे! किती मायाळू!” विदादचं कौतुक तर सगळ्यांच्या वरचं. “हिचा फोटो लावते दवाखान्यात, म्हणजे त्या ढोल्यांना कळेल!” आग लागो त्या कौतुकाला.

एका साखरपुड्यात विदादने भाचीला मिठी मारली आणि झग्याखाली हाताला नुसती हाडं लागली. दुसऱ्याच दिवशी तिने पोरीला दवाखान्यातल्या डॉक्टर नसीबांपुढे उभं केलं.

“हे वळण नाही, आजार आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “हृदय अशक्त झालंय. असंच चाललं तर पोर हातची जाईल. तपासणीला आणत राहा. शेजारी बसून जेवा, पण आग्रह नको, शपथा नकोत, आणि खाल्लं तर शाबासकीही नको.”

सुहैला भडकली. “आग्रह नको? मग आई कशाला आहे मी? आणि जाड्यांच्या दवाखान्यात माझी काडी? लोक दात काढतील!”

“काढू देत,” विदाद म्हणाली आणि जुमानाला दुपारच्या जेवणाला आपल्या घरी नेऊ लागली.

शेजारी बसायचं आणि ‘खा’ म्हणायचं नाही! विदादची जीभ नुसती वळवळायची. मग ती नळवाल्याला शिव्या द्यायची, शेजारणीच्या मांजराची उणीदुणी काढायची. जुमाना कधी कधी हसायची. एक दिवस बोलता बोलता पोरीने मसुराच्या सूपची अर्धी वाटी संपवली. विदाद मांजरावरच बोलत राहिली.

नेमकी तेव्हाच सुहैला दारात! लेक खातेय म्हटल्यावर तिने आनंदाने गलकाच केला, पिशवीतली कोंबडी-कांद्याची भाकरी काढली आणि थाळा भरून पोरीपुढे सरकवला. “माझं मेलेलं तोंड बघशील, एवढं खाल्लं नाहीस तर!”

जुमानाने चमचा ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

विदादने थाळा उचलला. भरलं ताट समोरून ओढायचं, हे तिकडे वैऱ्याशीही कुणी करत नाही. “सुहैला, ऊठ. घरी जा.”

“सख्ख्या बहिणीला हाकलतेस? लेकराच्या तोंडचा घास काढतेस?”

“हो. जा म्हटलं ना!”

सुहैला रडत गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, विदादने उपाशी भाचीचं ताट ओढलं. बहिणीने बोलणं टाकलं. ओळखीच्या बायका समोरून आल्या की रस्ता बदलू लागल्या. विदादला ते फार लागलं. तरी रोज दुपारी ती जुमानाच्या शेजारी बसायची आणि नळवाल्याचा उद्धार करायची.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. भात आणि दही होतं. जुमानाने वाटी पुसून खाल्ली आणि वर न बघता मावशीला म्हणाली,

“खाला, अजून आहे?”

आशीर्वाद, शपथा, ‘माझ्या डोळ्यांच्या बाहुले’, सगळं एकदम विदादच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

“कोण जाणे,” ती म्हणाली. “भांड्यात बघ.”

भांडं काठोकाठ भरलेलं होतं. जुमाना उठली.