बियाण्याची तीन झाडं

मा-मोतेबांग गादीवर बसली होती. भुईवर टाकलेली गादी, अंगावर काळं ब्लँकेट, तोंड भिंतीकडं. नवरा राफोका बुधवारी गेला, शनिवारी माती. तोवर बायकोनं गादी सोडायची नाही, अशी डोंगरातली रीत. परसाकडं जायला उठली तरी नणंद पाठीशी.

शुक्रवारी सकाळी अंगणात बायका जमल्या. तीन पायांची लोखंडी पातेली खडखडली, कुणी शेणाचा विस्तव फुंकला. मग दगडी वाफ्याकडनं आवाज आला, कट्. देठ मोडल्याचा. जमलेल्यांच्या जेवणाला शेजारची लिपुओ भाजी खुडत होती.

वाफा गोल, कमरेइतका उंच, राफोकानं रचलेला. त्याचे दगड दिवसभर ऊन पीत आणि रात्री मुळांना ऊब देत. मधोमध रोवलेल्या काटक्यांच्या टोपलीत ती राख न् खरकटं पाणी ओतायची. कडेला तिनं पापासानेची तीन झाडं बियाण्याला सोडली होती. मोहरीच्या जातीची कडसर भाजी. रानातली पापासाने पहिल्या थंडीला मान टाकते. हिची मात्र बर्फाखालनं हिरवीगार निघायची. बी आईच्या गावचं, आणि आईचं गाव धरणाच्या तळाला. गेल्या साली साठवणीच्या बियाला उंदीर लागले. उरलं ते चिमूटभर तिनं पेरलं, त्यातली ही तीन तगली. शेंगा अजून हिरव्या होत्या. आणखी पंधरा दिवस ऊन मिळायला हवं होतं.

"वन्सं," ती भिंतीलाच म्हणाली, "लिपुओला तेवढं सांगा. कडंची तीन उंच झाडं सोड म्हनावं."

नणंद मा-तुमेलो तपकीर ओढत होती. "आन् ती का?"

"बियाण्याची हायत."

"आगं बया! नवरा आजून मातीत गेला न्हाई, आन् हिचा जीव पाल्यात!"

"म्या नगं म्हंते का? कोबी न्या, बीट न्या, सगळा वाफा खरवडा. ती तीनच..."

"आन् म्या दारात जाऊन काय सांगू? ही बाई नवऱ्याच्या जेवनाची पानं मोजतीया म्हनून? माझ्या भावाची शोभा करतीस व्हय?"

"मग मी उठते."

"ऊठ की! सुतकातल्या बाईचा पाय वाफ्यात पडला की उरलंसुरलंबी जळतं, ते तुला म्या शिकवू?"

मा-मोतेबांग हलली नाही. तिला ते खरं वाटत होतं, हीच अडचण. दोन वर्षांमागं लिपुओचा नवरा गेला, तेव्हा तिनंच लिपुओला वाफ्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. वर म्हणाली होती, "वाईट वाटून घिऊ नगंस, भाजीला कळतं."

कट्. कट्. ती मोजत राहिली. मग मोजायचं सोडून दिलं.

दुपारी लिपुओच ताट घेऊन आली. पाप, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, शेजारी भाजीचा ढीग. गुडघ्यावर बसत म्हणाली, "मे, माय माझी, जीवाला लावून घिऊ नगंस. तुझ्या वाफ्यातली सगळ्यात उंच, जाडजूड झाडं बघून पयली तीच उपटली. मुळासकट! न्ताते राफोका बापाच्या जागी, त्येंच्या नावाला उनं ऱ्हायला नगं."

"लई चांगलं केलंस," मा-तुमेलो म्हणाली.

मा-मोतेबांगनं घास घेतला. दाताखाली काहीतरी चिरडलं. तिनं ते जिभेनं पुढं आणलं, बोटावर घेतलं. शेंग. आत बी कसलं, नुसतं हिरवं पाणी. तिनं नख लावून ती सोलून बघितली, मग दुसरी, मग तिसरी.

"काय शोधतीस?" नणंदेनं विचारलं.

"खडा."

"खडा?" लिपुओचा चेहरा उतरला. "चांगली निवडली हुती गं मे. कशी झालीया?"

नणंद बघत होती. लिपुओ बघत होती. मा-मोतेबांगनं सोललेल्या शेंगा मक्याच्या गोळ्यात दाबल्या आणि तोंडात टाकल्या.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली, आणि ताट पुसून खाल्लं.