अमावस्येचा सुरुंग

ऐंशी सालाच्या आसपास दोन वर्षे मी निपाणीजवळच्या एका माळावर, भूकंप टिपणाऱ्या यंत्राच्या खोलीत एकटाच नोकरीला होतो. घाटाखाली कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यांपासून वीज करता येईल का, याची पाहणी चालली होती. तिथले बारीक धक्के घाटमाथ्यावरूनही नोंदवायचे होते. रॉकेलच्या काजळीने कागद काळा करून मी यंत्राच्या फिरत्या नळकांड्यावर चढवी. जमीन हलली की सुईची पांढरी रेघ थरथरे. बोलायला कोणी नसे. शेजारच्या वस्तीवरच्या वृद्ध आक्का तेवढ्या ताक घेऊन येत आणि उंबऱ्याशी घटकाभर टेकत.

जवळच्या दगडखाणीतले सुरुंगही कागदावर उमटत. खाणीवर विचारून मगच वहीत ‘सुरुंग’ लिहावे, असा नियम होता. चालण्याचा कंटाळा येऊन मी न विचारताच लिहू लागलो होतो.

एका दुपारी आक्का धापा टाकत आल्या.

“आण्णा, भुई गुरगुरली बघा! माझी उतरंड हालली.”

“सुरुंग असेल, आक्का.”

“आज आवस न्हवं? आवसंला खाणीत घण कोण उचलतंय?”

मी वहीकडे पाहिले. अमावस्येला खाण बंद असते, हे मलाही ठाऊक होते. पण त्या दुपारच्या थरथरीपुढे मी ‘सुरुंग’ लिहून मोकळा झालो होतो; शाई वाळली होती.

संध्याकाळी त्यांचा मुलगा दोघा-तिघांना घेऊन आला. “सायेब, म्हातारी म्हणती भुई हालली. भुई हालली का हिचं डोस्कं?” सगळे हसले. आक्का मागे उभ्या राहून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

“यंत्रावर काही नाही,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून ताक आले नाही. मीही त्यांच्या दारी गेलो नाही.

बदली झाली त्या दिवशी मी त्या अमावस्येची नोंद खोडून ‘धक्का’ असे लिहिले आणि खाली सही केली. ती वही वस्तीवर कोण वाचणार होते?

एसटी गाठायला आक्कांच्या दारावरूनच वाट होती. आत पाहिले तर उतरंड नव्हती; सगळी मडकी भिंतीलगत भुईवर ओळीने मांडलेली होती. सांगण्यासारखे एकच वाक्य माझ्यापाशी होते.

“येतो, आक्का,” एवढेच मी म्हणालो.

“जावा,” त्या म्हणाल्या.