किडनीच्या तक्त्यात न मावलेली बोटे

मी नागेश शिंदे, वाणिज्य पदवीधर, म्हैसूरच्या कुवेंपुनगरचा रहिवासी. माझ्या मुलीला, चंदनाला, ल्युपस आहे; यात शरीराची प्रतिकारशक्ती किडनी, सांधे अशा स्वतःच्याच अवयवांवर उलटते. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आज सकाळी तपासणी होती. लघवीचा अहवाल पाहून डॉक्टर म्हणाले, "किडनी उत्तम आहे. आपल्याकडच्या रुग्णांत आधी तिचीच धास्ती असते. आणखी काय हवं?"

मी म्हणालो, "सकाळी तासभर हिची बोटं वळत नाहीत."

"हे आधी सांगितलं नाही तिने."

"तुम्ही विचारलं नाहीत, सर," चंदना म्हणाली.

त्यांनी मी आणलेली तिच्या अहवालांची फाईल माझ्याकडे वळवली. पहिल्या पानावर मीच आखलेला, किडनीच्या तपासण्यांचा तीन वर्षांचा तक्ता होता. "यात तरी सांध्यांचा रकाना कुठे आहे?"

नव्हता. मग त्यांनी प्रथमच तिची बोटे दाबून पाहिली आणि औषध बदलले.

"परवागिल्ल, अप्पा," एवढेच ती कन्नडमध्ये म्हणाली, म्हणजे 'असू दे, बाबा'. बाहेर स्कूटरजवळ तिने नेहमीप्रमाणे हनुवटी पुढे केली. गेले वर्षभर तिच्या हेल्मेटचा पट्टा मीच लावतो. मी ते लाड समजत होतो.

तुमच्या घरच्या रुग्णाने काय सांगणे सोडून दिले आहे?

नागेश शिंदे
म्हैसूर, मंगळवार