गुरुजींची भाकरी

लोहाऱ्याहून सास्तूरला जाणाऱ्या जीपमध्ये एक गुरुजी रोज माझ्या शेजारी बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. चेहरा कायम हजेरी घेत असल्यासारखा गंभीर. मध्यंतरी त्यांना एक सवय लागली. गाडी सुरू झाली की ते मांडीवर तळहात हळूहळू थापत गोल फिरवायचे.

शेवटी मी विचारलं, "गुरुजी, हे काय चाललंय?"

"भाकरी थापतोय," ते म्हणाले. "आमच्या मंडळींच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात चालत न्हाय. त्या खाटेवरून शिकवतात, मी करतो."

"जमतंय का?"

"न्हाय. काठाला चिरते. पीठ नीट मळा म्हणतात. मळलं तरी चिरते."

त्यांनी मांडीवरचा हात थांबवला. मग म्हणाले, "नोकरीभर पोरांना सांगत आलो, लक्ष दे म्हणजे येईल. लक्ष देऊनबी येत न्हाय, हे मला आत्ता कळलं. लई उशिरा कळलं. आता वर्गात कुणाला आलं न्हाय तर परत सांगतो. ओरडत न्हाय."

शिक्षण कशासाठी, यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. त्यातल्या एकाही वक्त्याच्या बोटांना तव्याचा चटका बसलेला नव्हता.

दिवाळीनंतर एका सकाळी गुरुजी जीपमध्ये बसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काल फुगली."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"आजारी पडल्यापासून अर्ध्या भाकरीवर ताट सारायच्या. काल दुसरी मागितली."