दौलतबापूंच्या दारातला मैल

माझ्या शाळेच्या गावचे मालगुजार दौलतबापू रोज सकाळी मैलाच्या दगडावर बसून दाढी करून घेत. न्हावी समोर उकिडवा, बापू दगडावर, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने थांबून रामराम घालायचा. मी शाळेवर रुजू व्हायला आलो तेव्हा तोंडाला साबण असतानाच त्यांनी मला हाक मारली.

"का गा मास्तर, कोठून येऊन राहिला?"

"अर्जुनीहून."

"किती मैल झाले?"

मी आकडा वाचायला वाकलो, तर तो त्यांच्या धोतराखाली झाकलेला. "वाचाले कायले लागते? मैल माह्या दारात येऊनच थांबते," ते म्हणाले. पहिल्याच भेटीत माणूस इतका पुरता कळावा, असे क्वचित होते. पुढे मी त्या गावात बरीच वर्षे काढली, पण बापूंविषयी त्याहून जास्त काही कळायचे उरले नव्हते.

तो दगड मुळात तिथला नव्हताच. नाल्यापलीकडे, अर्जुनीच्या बाजूला, ढिवरटोल्याच्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीच्या, तोंडाशी तो रोवलेला होता. गावातले म्हातारे सांगत, रस्ता होण्याआधी माणूस निघताना पळसाची फांदी तोडून हातात धरायचा. पाने कोमेजली की एक कोस झाला. त्यामुळे उन्हाळ्यातला कोस आखूड आणि पावसाळ्यातला लांब. मग इंग्रजांनी सडक बांधली, लोखंडी साखळी घेऊन माणसे आली आणि मैलामैलावर दगड रोवत गेली. डाकवाल्या हरकाऱ्याला थैली कुठे द्यायची ते कळावे, सडकेच्या मजुरांना आपला टप्पा कळावा, आणि कुठल्या नाल्यावरची मोरी फुटली ते दूरच्या कचेरीत बसलेल्याला कळावे, एवढाच त्या दगडांचा उपयोग. त्यात कोणाचा मान नव्हता आणि कोणाचा अपमानही नव्हता.

बापूंना हे कोण सांगणार! त्यांचे म्हणणे वेगळेच होते. "सरकारनं मालगुजाराच्या मानासाठी दगड गाडले. मंग तो ढिवराच्या दारात काऊन?" असे म्हणून त्यांनी भर दिवसा बैलांच्या दोन जोड्या लावून दगड उपटला, नाल्याअलीकडे आणला आणि आपल्या फाटकाशी रोवून त्याला चुना फासला. टोल्यातला सोमा ढिवर जाळे खांद्यावर टाकून बघत उभा होता. तो म्हणाला, "मालक, दगड नेला तुमी, पर सडक तं जागच्या जागीच रायली ना?" हा प्रसंग बापू स्वतःच लोकांना रंगवून सांगत, ढिवरांना अक्कल कशी नसते याचा नमुना म्हणून. ऐकणारे हसत. मालगुजारासमोर न हसण्याची सोय नव्हती.

मग एका पावसाळ्यात नाल्यावरची मोरी वाहून गेली. गाव अर्जुनीपासून तुटले. वरच्या आळीतली एक बाळंतीण अर्जुनीच्या दवाखान्यात न्यायला खाटेवर नाल्याकाठी आणली होती. धारेत ढिवरांचा डोंगाही टिकेना, आणि पाणी उतरण्याची वाट बघता बघता ती तिथेच गेली. तिची आई काठावर ज्या तऱ्हेने ओरडली, ते मला आजही ऐकू येते. गावाने कचेरीकडे अर्ज केला, आणि नवल म्हणजे मोरी मंजूर झाली. पाऊस संपल्यावर ठेकेदाराचा मिस्त्री चुना-विटा घेऊन आला. जुन्या कागदावर मोरीची जागा लिहिली होती: अर्जुनीहून येताना मैलाच्या दगडापुढे तीन फर्लांग. मिस्त्रीने बापूंच्या फाटकापासून दोरी धरली आणि तीन फर्लांगांवर, धानाच्या बांध्यांमधल्या कोरड्या सडकेवर पाया खणायला घेतला. तिथे बैलाचा खूरसुद्धा कधी भिजला नव्हता.

मी धावत गेलो. म्हटले, "अहो, नाला मागे राहिला!"

"मास्टरजी, नाला देखना हमारा काम नहीं. पत्थर से नापो और बना दो, इतना हुकुम है," मिस्त्री म्हणाला आणि विडी पेटवली.

तसाच बापूंकडे गेलो. त्यांनी एक वाक्य बोलायचे होते: दगड मी हलवला. मालगुजाराचा शब्द मिस्त्रीने मानला असता आणि मोरी नाल्यावर गेली असती.

"दगड माह्या आज्यापासून इथंच हाय," बापू म्हणाले.

"बापू, ती पोरगी मेली ना तिथे."

बापू आवाज चढवून म्हणाले, "सरकारी दगड उपटला म्हनून कबूल करू? अन् तो पुन्हा ढिवराच्या दारात जाईल, ते मी पाहत राहू? मोरी काय, पुढच्या साली दुसरी मांगू." गावातली मोठी माणसे बाजूलाच मूग गिळून बसली होती. मला त्या माणसाची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

मोरी झाली. बापूंनी नारळ फोडला. तिच्या सावलीत बकऱ्या बसू लागल्या.

पुढच्याच श्रावणात बापूंच्या पोटात कळ उठली. घरच्यांनी छकड्यात घातले, पण नाला दोन्ही थड्या भरून चालला होता. शेवटी पलीकडे हाका मारल्या, तेव्हा सोमाने डोंगा पाण्यात घातला. त्यानेच त्यांना पार नेले, आणि सोमासह टोल्यातल्या चौघांनी बापूंना खाटेवर घालून खाट खांद्यावर घेतली. मीही बरोबर चालत होतो. टोल्याचे तोंड आले. दगड उपटलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचले होते. बापूंनी डोळे उघडले.

"अर्जुनी... किती मैल रायली गा?"

खाटेला पुढून खांदा दिलेला सोमा चालता चालताच म्हणाला, "दगड तुमच्या दारात हाय, मालक. आमाले कायले पुसता?"

त्याने खांदा बदलला आणि पाय आणखी उचलला. त्या चौघांनी धावायचेच बाकी ठेवले होते. पण बापू अर्जुनीला पोचले नाहीत. वाटेत कुठल्या मैलात गेले, ते आम्हा कोणालाच त्यांच्या घरी सांगता आले नाही.