तळ्यातला प्लॉट

घर बांधायचं तर आधी विहीर पाडायची, ही आमच्याकडची रीत. बांधकामाला पाणी आणणार कुठून? दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या सोसायटीने भिंगारच्या पलीकडे घरांसाठी जमीन घेतली, तेव्हाही पहिला नारळ विहिरीचाच फुटला. जमिनीच्या एका अंगाला मोठा खोलगट भाग होता. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं, म्हणून सगळे त्याला तळंच म्हणत. त्या वर्षी तळ्यात नुसती भेगाळलेली काळी माती होती, पण काठावरचे करंज आणि जांभळी हिरव्यागार होत्या. त्यांच्याच सावलीत विहीर घेतली, आणि सगळा मुलूख कोरडा असताना तिला पाणी लागलं. आम्ही पेढे वाटले.

मग आमच्या मंडळींनी कमालच केली. विहिरीतून निघालेला मुरूम ढिगाने पडला होता. तो तळ्यात लोटायचा, झाडं पाडायची आणि त्या जागेवर तीन प्लॉट काढायचे, असा नकाशा झाला. तळ्याच्या मातीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या गेल्या. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्यातलाच एक प्लॉट आमच्या वाट्याला आला, विहिरीला अगदी लागून!

सासूबाईंना आकाश ठेंगणं झालं. शेवगावकडचं गाव सोडून त्या मुलाकडे आल्या, तेव्हापासून आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. घरमालकिणीला विचारल्याशिवाय त्यांना साधे पापडही वाळत घालता येत नसत. आता त्या रोज संध्याकाळी प्लॉटवर जाऊन बसायच्या. "हितं चूल, हितं देव," असं मला बोटाने दाखवायच्या.

आणि मला ते तळं स्वस्थ बसू देईना. साचलेलं पाणी मुरतं तेच विहिरीत येतं. तळं बुजवलं तर विहिरीत येणार काय? मी घरी बोलले. आमचे हे म्हणाले, "सोसायटीचे अध्यक्ष माझे हेडक्लार्क आहेत. जरा सांभाळून घे." मी सभेपर्यंत सांभाळलं. मुळात मी तापट, त्यात शाळामास्तरीण. यांची नोकरी बदलीची, म्हणून सभासद मी होते. सभा त्या करंजांखालीच भरली होती. मी उभी राहिले आणि मनातलं सगळं बोलून टाकलं.

अध्यक्ष हसले. "बाई, तुमचाच प्लॉट त्यात आहे, ठाऊक आहे ना? तळं ठेवलं तर तीन घरं कमी होतील. दुसरी जागा सोसायटीकडे नाही."

"ठाऊक आहे," मी म्हणाले.

ज्यांचे प्लॉट कोरड्या अंगाला होते, त्यांचे हात झटकन वर गेले. त्यांना विहीर हवीच होती, घर मात्र आमचं जाणार होतं. तळं राहिलं, झाडं राहिली आणि तळ्यात प्लॉट लागलेल्या आम्हा तिघा सभासदांची नावं कमी झाली. बाकीचे दोघे नंतर माझ्याशी कधी बोलले नाहीत. त्यांचा मला राग नाही, मी त्यांना विचारलं कुठे होतं! परतताना हे म्हणाले, "उद्या ऑफिसात कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच," मी म्हणाले. त्या दिवसापासून सासूबाईंचं संध्याकाळी प्लॉटवर जाणं थांबलं.

पुढे पाऊस झाला. तळं भरलं, विहीर काठोकाठ आली. तिथल्या पहिल्या घराच्या वास्तुशांतीला आम्हालाही बोलावणं होतं. अध्यक्षांनी स्वतः सासूबाईंच्या हातात विहिरीच्या पाण्याचा तांब्या दिला. त्या घोट घोट प्यायल्या, ते घर आतून-बाहेरून बघून आल्या. परतीच्या वाटेवर मला म्हणाल्या, "पानी गोड हाय. तू बोललीस ते बरूबरच हुतं. पन मला घर पायजे हुतं गं."

मला रस्त्यातच रडू फुटलं. माझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्यांना घर मिळालं नाही ते नाहीच.