पिंजऱ्यातला खाकी शर्ट

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. आमचे हे मिलिटरीतून रिटायर होऊन सांगलीच्या एका लहानशा प्राणिसंग्रहालयात टॅमरिन माकडं सांभाळायचे. परमुलखातली माकडं, खारीहून जराशी मोठी, डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुपका. त्यांच्या जंगलात आता फारशी उरली नाहीत म्हणे. ह्यांना कौतुक त्यांचंच. बायको गेली खड्ड्यात.

हे अचानक गेले आणि तिथल्या साहेबांनी त्यांच्या जागी मला घेतलं. मी खाणं घेऊन गेले की माकडं माझ्या खांद्यामागं बघायची आणि बारीक शीळ घालायची. ह्यांना पाहिल्यावर घालायची, तीच. मागं वळावं तर मोकळी वाट. मी कसली भिते, पण अंगावर काटा यायचा. त्यात मादीनं खाणंच टाकलं. पोटुशी होती. साहेब म्हणाले, "बाई, हिचं काही खरं दिसत नाही."

ह्यांचे सगळे कपडे तेराव्याला वाटून टाकले होते. एक खाकी शर्ट तेवढा मी न धुता ट्रंकेत लपवला होता. त्याला ह्यांचा वास होता, घामाचा, तंबाखूचा. झोपताना मी तो तोंडावर घ्यायचे. लोणंदच्या दिराला कळलं तेव्हा तो म्हणाला, "वैनी, गेलेल्या माणसाचं कापड घरात ठिवू नगा. जीव घुटमळतो."

"घुटमळू द्या की. तुमच्याकडं तर येत न्हाई न्हवं?"

मादी ह्यांचा वास हुडकतेय, असं मला वाटायला लागलं. पण ही माकडं दिसेल त्याला अंग घासून आपला वास लावतात. शर्ट आत गेला की माझा राहणार नव्हता. लय जीवावर आलं. तरी सकाळी नेऊन पिंजऱ्यातल्या फांदीवर अडकवला.

थोड्या वेळानं बाहीत काहीतरी सरकलं. कोपर फुगलं. मग एक खांदा हळूच वर झाला, कंटाळले की हे उडवायचे तसा. कॉलरमधून मादीचं पांढरं डोकं वर आलं आणि तिनं माझ्या हातातलं केळं घेतलं.

पुढं तिला जुळी झाली. बाप दोघांना पाठीवर घेऊन हिंडायचा. शर्टाच्या चिंध्या झाल्या, तेव्हा तो काढून मी तोंडाला लावला. माकडांचा उग्र दर्प. ह्यांचा वास कुठंच नव्हता. पिंजऱ्याबाहेरच्या पायरीवर बसून मी पोटभर रडले.

तेवढ्यात माकडांनी माझ्या खांद्यामागं बघून तीच शीळ घातली. ह्या खेपेला मी वळून बघितलं नाही.